आकाशातून मनोऱ्यात : काम बदलताना शरीराचा सल्ला

या पाक्षिकाच्या एका वाचक भगिनींचे पत्र आजच्या लेखाला निमित्त झाले आहे. त्यांचे वय ७४, यजमानांचे ८०. यजमानांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. एकुलता एक मुलगा विमान कंपनीत वैमानिक असून त्याचे वय ४६ आहे. गेल्या वर्षी त्यालाही रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्या लिहितात : "महिन्यातले निम्मे दिवस तो बाहेर असतो. रात्री यजमानांना कुशीवर वळवायला मला एकटीला जमत नाही. आता तो म्हणतो, विमान उडवणे सोडतो आणि विमानतळाच्या टॉवरमध्ये काम शोधतो. जमिनीवरची नोकरी, रोज घरी येणे, ताणही कमी. डॉक्टर, त्याच्या प्रकृतीला हे मानवेल का? आणि आमच्यापायी त्याने एवढे सोडावे का?"

पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला वैद्यकाच्या कक्षेतला आहे, दुसरा कुटुंबाच्या. वैमानिकाचा व्यवसाय आपल्यापैकी फारच थोड्या घरांत असेल. परंतु आईवडिलांसाठी काम बदलावे की काय, हा विचार आज असंख्य घरांत चालू आहे. बँकेतला मुलगा बदली नाकारतो, परदेशातली मुलगी परत येण्याचा विचार करते, शिक्षिका असलेली सून मुदतपूर्व निवृत्ती घेते. म्हणून या एका उदाहरणाकडे थोडे तपशिलाने पाहू.

पूर्वी ही वाट होती

वैमानिकाने नियंत्रक होणे ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील पहिला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो आर्ची लीग मूळचा हवाई कसरती करणारा वैमानिक होता. १९२९ मध्ये सेंट लुईसच्या विमानतळावर तो एका हातगाडीत खुर्ची, मोठी छत्री, जेवणाचा डबा आणि टिपणवही घालून धावपट्टीच्या टोकाशी जाऊन बसत असे. त्याच्याजवळ दोन निशाणे असत. चौकटीचे निशाण दाखवले की वैमानिकाने निघावे, लाल दाखवले की थांबावे. उन्हात छत्रीखाली आणि थंडीत जाड कोटात हे काम चाले. पुढे मनोरे उभे राहिले, रेडिओ आला, रडार आले. लीग शिकत शिकत केंद्रीय हवाई सेवेत वर चढला आणि १९७३ मध्ये निवृत्त झाला.

त्या काळी वैमानिकाला नियंत्रक होणे सोपे होते, कारण दोन्ही कामे अजून एकमेकांपासून फार दूर गेली नव्हती. आज ती दोन स्वतंत्र विद्या आहेत. महाराष्ट्रातच पाहायचे तर गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिक घडवणारी शाळा आहे आणि त्याच जिल्ह्यात नियंत्रकांच्या प्रशिक्षणाचीही सोय आहे. विद्यार्थी एकाच आकाशाकडे पाहतात, पण त्यांचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि परवाने वेगळे आहेत.

दार कुठे बंद आहे

या भगिनींना प्रथम वस्तुस्थिती सांगणे आवश्यक आहे. आपल्या देशात नागरी विमानतळांवरील नियंत्रकांची भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. भौतिकशास्त्र व गणितासह विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते आणि सर्वसाधारण उमेदवाराला वयाची कमाल मर्यादा २७ वर्षांची असते. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. अमेरिकेत नव्या उमेदवाराने वयाच्या एकतिसाव्या वाढदिवसापूर्वी प्रवेश घ्यावा लागतो आणि बहुतेक नियंत्रकांना ५६ व्या वर्षी कामावरून उतरावे लागते. प्रवासी विमानाचा वैमानिक मात्र ६५ वर्षांपर्यंत उड्डाण करू शकतो. म्हणजे ज्या कामाला आपण 'जमिनीवरचे, हलके' म्हणतो, त्याचेच दार वयाला अधिक लवकर बंद होते.

हा नियम केवळ कागदी आडमुठेपणाने आलेला नाही. त्यामागे शरीरशास्त्र आहे. नवी माहिती झटपट उचलणे, एकाच वेळी अनेक गोष्टी मनात धरणे आणि क्षणात निर्णय बदलणे या क्षमता तिशीनंतर हळूहळू मंदावू लागतात. परंतु त्याच वेळी अनुभवाचा साठा वाढत असतो आणि ओळखीच्या कामात तो साठा वेगाची उणीव भरून काढतो. ४६ वर्षांचा वैमानिक आपल्या कॉकपिटमध्ये पंचविशीच्या तरुणापेक्षा भरवशाचा असतो, तो या साठ्यामुळे. तोच माणूस मनोऱ्यात नवशिका म्हणून बसला तर वेग ४६ चा आणि अनुभव शून्य, अशी त्याची अवस्था होते.

ही गोष्ट आपल्या घरातील ज्येष्ठांनाही लागू आहे. गावातल्या घरी आजोबा सगळे व्यवहार बिनचूक करत असतात. मुलाच्या शहरातील सदनिकेत आल्यावर त्यांना गॅसचे बटण सापडत नाही, न्हाणीघराचे दार कुठले ते आठवत नाही, आणि घरची माणसे कुजबुजतात, "यांचे डोके चालेनासे झाले." पुष्कळदा डोके तेच असते, अनुभवाचा साठा मात्र जुन्या घरी राहिलेला असतो. त्यांना काही आठवडे द्यावेत, वस्तूंच्या जागा बदलू नयेत, रात्री मार्गावर मंद दिवा ठेवावा. त्यानंतरही गोंधळ वाढत राहिला, किंवा तो एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे किंवा नवे औषध यांपैकी काही कारण असू शकते.

जमिनीवर ताण कमी असतो का?

मुलाच्या मनात असलेला दुसरा समज असा की टॉवरमध्ये ताण कमी. या प्रश्नाचा अभ्यास पन्नास वर्षांपूर्वी झालेला आहे. सिडनी कॉब आणि रॉबर्ट रोझ या अमेरिकी संशोधकांनी १९७३ मध्ये चार हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांच्या वैद्यकीय नोंदी आठ हजारांहून अधिक परवानाधारक वैमानिकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. उच्च रक्तदाब नियंत्रकांमध्ये स्पष्टपणे अधिक आढळला. पोटातील व्रण आणि मधुमेह यांचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. जिथे विमानांची वर्दळ अधिक, तिथे रक्तदाबाचा त्रास अधिक, असेही त्यांना दिसले. अशा नोंदींवरून कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध होत नाही आणि तेव्हापासून यंत्रणाही पुष्कळ बदलल्या आहेत. तरीही जमिनीवर येताच रक्तदाब उतरेल, या आशेला त्यातून आधार मिळत नाही.

असे का व्हावे, हे कामाच्या स्वरूपावरून समजते. वैमानिकाच्या ताब्यात एक विमान असते. ते त्याला हातांना, पाठीला, कानांना जाणवते. उड्डाण आणि अवतरण हे त्याच्या कामातील तीव्र भाग. मधला प्रवास तुलनेने शांत. नियंत्रकाच्या समोर एकाच वेळी अनेक विमाने असतात आणि त्यांतले एकही त्याला स्पर्शाने जाणवत नाही. पडद्यावरचे ठिपके, आकडे आणि कानात येणारे आवाज यांवरून त्याला मनात एक जिवंत चित्र उभे करून ते अखंड चालू ठेवावे लागते. पुढच्या दहा मिनिटांत कोण कुठे असेल, हे त्याला आताच दिसावे लागते. निर्णय त्याचा, पण तो अमलात आणणारा हात दुसऱ्याचा. ज्याला सुकाणू हाती धरण्याची वीस वर्षांची सवय आहे, त्याला केवळ शब्दांनी विमान वळवणे मनाला जड जाऊ शकते.

वैद्यकीय तपासणीही फारशी सैल नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या वर्गाचे आणि नियंत्रकाला तिसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. 'तिसरा वर्ग' म्हटल्यावर रेल्वेच्या जुन्या डब्यासारखे काहीतरी कमी दर्जाचे वाटते; तसे नाही. दूरची दृष्टी प्रत्येक डोळ्याला चष्म्यासह किंवा चष्म्याविना किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ हवी, ही अट दोघांनाही सारखीच आहे. रंग ओळखता येणे दोघांनाही आवश्यक. श्रवणाचीही कसोटी एकच : बोलण्याच्या मुख्य स्वरांना, म्हणजे ५००, १००० आणि २००० हर्ट्झला, ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा अधिक ऱ्हास नसावा. अचानक शुद्ध हरपण्याचा धोका असलेले आजार, जसे अपस्मार किंवा काही हृदयविकार, दोन्हीकडे अडसर ठरतात.

फरक आहे तो उंचीमुळे होणाऱ्या त्रासांत. प्रवासी विमानाच्या आतला हवेचा दाब सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या डोंगराइतका असतो, हवा अत्यंत कोरडी असते आणि वर-खाली होताना मध्यकर्ण व नाकाच्या पोकळ्यांवर दाब बदलतो. ज्याच्या कानाची नळी वारंवार बंद पडते किंवा ज्याला फुप्फुसाभोवती हवा साचण्याचा विकार होऊन गेला आहे, त्याला आकाश मानवत नाही; मनोरा मानवू शकतो. या मुलाला असा काही त्रास नाही. त्याला आहे तो रक्तदाब, आणि ठरावीक औषधांवर तो आटोक्यात असेल तर वैमानिकाचे प्रमाणपत्र त्यामुळे जातेच असे नाही.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. परवाना जाईल या भीतीने आजार लपवण्याची वृत्ती वैमानिकांत मोठी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत निम्म्याहून अधिक वैमानिकांनी या भीतीपोटी कोणत्या ना कोणत्या प्रकारे वैद्यकीय मदत टाळल्याचे सांगितले. आपल्या घरांतही हेच घडते. आजी न्हाणीघरात पडल्याचे सांगत नाहीत, कारण मग स्वयंपाकघर हातचे जाईल. आजोबा गाडी चालवताना डोळ्यांसमोर अंधारी आल्याचे सांगत नाहीत, कारण मग किल्ली काढून घेतली जाईल. त्यांचे भय खोटे नसते. म्हणून मुलांनी आधी हा शब्द द्यावा की सांगितल्याबरोबर काही हिरावले जाणार नाही. आधी तपासणी होईल, दुरुस्त होण्याजोगे दुरुस्त केले जाईल, आणि मग निर्णय मिळून घेतला जाईल. अंधारी पुष्कळदा गोळीच्या मात्रेमुळे किंवा उभे राहताना रक्तदाब उतरल्यामुळे येते आणि ती बरी करता येते. तपासणी होईपर्यंत मात्र गाडी चालवू नये.

रोज घरी, पण कोणत्या वेळी?

"रोज घरी येणे" हे या मुलाचे सर्वांत मोठे आकर्षण आहे आणि ते मी समजू शकतो. परंतु मोठी विमानतळे रात्रंदिवस चालतात आणि नियंत्रकही पाळ्यांमध्ये काम करतात. पहाटे २ ते ६ हा काळ मानवी शरीराच्या घड्याळातला सर्वांत खालचा बिंदू असतो. शरीराचे तापमान उतरलेले असते, सावधपणा मंदावलेला असतो. ज्याची पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी सारखी बदलते, त्याचे शरीर कुठल्याच वेळेला आपलेसे करत नाही.

अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे २७ ऑगस्ट २००६ रोजी पहाटे एक विमान चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडू लागले आणि कोसळले. विमानातील ५० पैकी ४९ जण मृत्युमुखी पडले. मुख्य चूक वैमानिकांची ठरली. परंतु मनोऱ्यात त्या वेळी एकटाच नियंत्रक होता, दोन पाळ्यांमध्ये त्याला नऊ तास मिळाले होते आणि त्यांत तो जेमतेम दोन तास झोपला होता, हेही तपासात पुढे आले. अमेरिकेने २०२४ मध्ये दोन पाळ्यांमध्ये किमान दहा तास आणि मध्यरात्रीच्या पाळीपूर्वी बारा तास विश्रांतीचा नियम जाहीर केला.

आता या पत्रातल्या एका वाक्याकडे परत पाहू : "रात्री यजमानांना कुशीवर वळवायला मला एकटीला जमत नाही." याचा अर्थ असा की गेली काही वर्षे ७४ वर्षांच्या या भगिनी स्वतःच रोज रात्रपाळी करत आहेत. त्यांना साप्ताहिक सुट्टी नाही, पाळीपूर्वी बारा तासांची विश्रांती नाही, आणि त्यांची वार्षिक तपासणी कोणी मागत नाही. पत्रात मुलाच्या रक्तदाबाचा उल्लेख आहे, यजमानांच्या कंपवाताचा आहे. स्वतःच्या प्रकृतीविषयी एक शब्द नाही. माझ्या मते या घरातील सर्वांत निकडीचा प्रश्न मुलाची नोकरी हा नसून या आईची झोप हा आहे. शुश्रूषा करणारी व्यक्तीच कोसळली तर सगळी व्यवस्था एका दिवसात मोडते.

आधी रात्र सोडवावी

कंपवाताच्या रुग्णाला रात्री वळणे जड जाते, कारण दिवसा घेतलेल्या औषधाचा परिणाम उतरतो आणि स्नायू ताठरतात. त्यावर पुष्कळ करता येते.

मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना नेमके सांगावे की रात्री किती वेळा मदत लागते आणि पहाटे किती ताठरपणा असतो. झोपतेवेळी दीर्घकाळ काम करणारे औषध देणे किंवा वेळा बदलणे शक्य असते. हा बदल स्वतःच्या मनाने करू नये आणि कंपवाताचे औषध एकाएकी बंद तर कधीच करू नये.

पलंगाच्या मधल्या भागावर, कंबर-पाठ टेकते तेवढ्यावरच, साटीनसारखे गुळगुळीत कापड घालावे. शरीर सहज सरकते. पायांकडे साधी सुती चादर राहू द्यावी, म्हणजे टाचा रोवता येतात आणि पलंगावरून उतरताना घसरत नाही. जाड गोधडीऐवजी हलके पांघरूण द्यावे. पलंगाला धरायला भक्कम कठडा बसवावा. गुडघे वाकवून, ते एका बाजूला टाकून, मग खांदा वळवणे ही युक्ती फिजिओथेरपिस्ट एका भेटीत शिकवू शकतात. त्या वेळी मुलानेही हजर राहावे. लघवीचे भांडे हाताशी ठेवावे. उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटे बसावे. आठवड्यातून निदान तीन रात्री ब्युरोतून येणारा मदतनीस ठेवता आला, तर त्या तीन रात्री आईने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपावे. मदतनीस असताना अर्धे लक्ष जागे ठेवून झोपणे म्हणजे झोप नव्हे.

मुलाने काय करावे?

आता दुसरा प्रश्न : त्याने एवढे सोडावे का? याचे उत्तर डॉक्टरने देऊ नये. पण विचार कसा करावा एवढे सुचवता येते. त्याला खरोखर हवे आहे ते टॉवर नव्हे. त्याला हवा आहे घरी मिळणारा ठरावीक वेळ आणि मनावरचे अपराधीपणाचे ओझे कमी होणे. त्यासाठी व्यवसायातून उतरण्यापेक्षा त्याच व्यवसायातली दुसरी खोली शोधणे श्रेयस्कर. सिम्युलेटरवर तरुण वैमानिकांना शिकवणे, विमान कंपनीच्या प्रशिक्षण किंवा सुरक्षा विभागात काम करणे, उड्डाणांच्या नियोजन कक्षात जबाबदारी घेणे, या ठिकाणी त्याचा वीस वर्षांचा साठा उपयोगी पडतो. त्याआधी कंपनीकडे काही महिने कमी लांबीच्या, त्याच दिवशी परतणाऱ्या उड्डाणांची विनंती करून पाहावी. पगारातला फरक, वैद्यकीय विमा आणि मदतनिसाचा खर्च यांचा हिशेब कागदावर मांडावा. ज्या पगारातून आज शुश्रूषेचा खर्च भागतो, तोच सोडून शुश्रूषा करायला येणे हे कधी कधी उलटे पडते.

आणि आईवडिलांनी? "तू आमची काळजी करू नकोस" असे म्हणू नये. ते वाक्य प्रेमाचे असले तरी त्यातून मुलाला काहीच कळत नाही आणि तो सर्वांत वाईट कल्पना करतो. त्यापेक्षा नेमके सांगावे : मंगळवार, गुरुवार आणि शनिवारच्या रात्री मदत हवी, महिन्यातून एकदा दवाखान्यात नेणारे कोणी हवे, औषधे ऑनलाइन तू मागवावीस. गरज मोजता आली की ती भागवता येते. मोजली नाही तर मुलाला सगळे आयुष्य देऊनही ती पुरी पडली असे वाटत नाही. त्याने काम बदललेच, तर "आमच्यामुळे तुझे नुकसान झाले" हे वाक्य घरात पुन्हा पुन्हा उच्चारू नये. मुलाच्या निर्णयाचा मान राखणे हाही एक प्रकारचा आशीर्वादच असतो.

कॉकपिट आणि मनोऱ्यातून घरी आणण्याजोगे

या दोन्ही व्यवसायांनी शेकडो बळींची किंमत मोजून काही सवयी अंगी बाणवल्या आहेत. रुग्ण असलेल्या घराला त्या जशाच्या तशा उपयोगी आहेत.

१. ऐकलेले परत म्हणणे. नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिक शब्दशः परत म्हणतो आणि नियंत्रक ती ऐकून खातरजमा करतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले. एका विमानाला १५ हजार फुटांवर थांबण्याची सूचना होती. ते त्याखाली उतरले. त्या विमानातील चमूच्या भाषेच्या अडचणीची चर्चा तपासात झाली. घरात डॉक्टरांची सूचना ऐकून "हो, हो" म्हणणे हा तसाच धोका आहे. परत म्हणून दाखवावे.

२. आकडे सुटे उच्चारणे. विमानांच्या रेडिओवर 'दीडशे' असे न म्हणता 'एक-पाच-शून्य' असे म्हणतात. उतारवयात प्रथम तीक्ष्ण स्वर ऐकू येईनासे होतात. आवाज येतो, व्यंजने गळतात. मग इन्सुलिनचे अठरा आणि अठ्ठावीस युनिट सारखेच वाटतात. "एक-आठ, अठरा" असे सांगावे आणि लिहूनही द्यावे.

३. पाळी सोपवताना टिपण. खुर्ची सोडणारा नियंत्रक येणाऱ्याला सद्यस्थिती सांगितल्याशिवाय उठत नाही. घरी एक वही ठेवावी : शेवटचे औषध कोणते व किती वाजता, जेवण किती, लघवी-शौच, पडणे-धडपडणे, आज नवीन काय दिसले. मदतनीस, मुलगा, सून, सगळ्यांनी त्याच वहीत लिहावे. 'गोळी दिली की नाही' या शंकेतून दुहेरी मात्रा जाण्याचे प्रसंग यामुळे टळतात.

४. लक्ष थकते, हे मान्य करणे. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये रडार पाहणाऱ्यांच्या समस्येवरून एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन तासांच्या एकसुरी पहाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढू लागल्याचे त्याला दिसले. कर्तव्यबुद्धी कितीही असली तरी मेंदूचा हा स्वभाव बदलत नाही. म्हणून शुश्रूषा करणाऱ्याने दोन तासांनी दहा मिनिटे उठावे, गॅलरीत जावे, चहा घ्यावा, शेजारणीशी बोलावे. ही चैन नव्हे.

५. स्वतःचीही तपासणी. वैमानिकाला दरवर्षी आणि साठीनंतर सहा महिन्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र नवे करावे लागते. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने निदान वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहावी, कारण 'यांचे जरा स्थिर झाले की बघू' ही तारीख कधीच येत नाही.

यांतील पहिली सवय फुकट आहे आणि उद्यापासून लावता येते. पुढच्या वेळी दवाखान्यातून उठण्यापूर्वी डॉक्टरांना म्हणावे, "तुम्ही सांगितलेले मी एकदा म्हणून दाखवतो, चुकले तर दुरुस्त करा." बाहेर रांग कितीही मोठी असली तरी कोणताही समंजस डॉक्टर त्या एका मिनिटासाठी रागावणार नाही.